गाठीवरची चार बोटं

गिरणीवालीने टोपलीवाल्यांच्या हौदात रॉकेल ओतलं ते भर दुपारी, चार बायांच्या देखत. लपूनछपून केलं असं उद्या कोणी म्हणू नये, एवढी काळजी तिने घेतली होती. टोपलीवाल्यांची सून नको, नको म्हणून ओरडत राहिली आणि हिने पाच लिटरचा कॅन उपडा केला, शेवटचा थेंब झटकला आणि म्हणाली, "आता बघू कुठले डास येतात ते."

हौद दोन पुरुष लांब आणि कंबरभर खोल होता. टोपलीवाल्यांच्या दारातच, रस्त्याला लागून. त्यात बांबू भिजत पडायचे, दोन-दोन महिने. भिजवला नाही तर बांबूला कीड लागते आणि वर्षभरात टोपलीचा भुसा होतो. भिजवला तर वास सुटतो. तो वास गल्लीने इतकी वर्षं नाक मुरडत सहन केला होता, कारण पाट्या, सुपं, पाळणे, कुंपणं, सगळ्यांना याच घरातून लागत होतं. पण यंदा गल्लीत ताप आला आणि त्या जुन्या कुरकुरीला पाय फुटले.

एकवीस घरांची गल्ली. तीन आठवड्यांत अकरा घरांतली माणसं आडवी झाली. तापाला दवाखान्यात काय नाव होतं ते कोणी विचारलं नाही. गल्लीने त्याला हाडमोड्या म्हटलं आणि ज्यांना तो झाला त्यांना ते नाव पटलं. डासांनी येतो एवढं सगळ्यांना कळलं होतं. डास पाण्यात होतात हेही. मग एवढं मोठं पाणी दारात घेऊन बसलेलं घर सोडून दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायचं?

त्या घरात माणसं तीन. म्हातारा, त्याला सगळी गल्ली बाबा म्हणायची. त्याचा मुलगा. आणि सून. मुलगा स्वतः हाडमोड्याने पडलेला होता, पण ते कोणी ध्यानात घेतलं नाही. त्याचा ताप सहा दिवसांत उतरला, बोटं मात्र सुजलेलीच राहिली. ज्या हाताने तो बांबूची कामटी सोलून दोऱ्याइतकी बारीक काढायचा, त्या हाताला आता पेला धरता येत नव्हता. सदऱ्याची बटणं बायको लावून द्यायची. पहिल्या दिवशी दोघं हसली होती. आता तो मान वर करून छताकडे बघत उभा राहायचा आणि ती भराभर बटणं लावून मोकळी व्हायची.

रॉकेलचा वास आला तसा बाबा आतून चाचपडत बाहेर आला. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात पिकत आलेला. हौदाच्या काठाशी उकिडवा बसून त्याने पाण्यात हात घातला आणि हाताला जे लागलं ते वर काढलं. मासा होता, बोटाच्या पेराएवढा. हौदात डास होऊ नयेत म्हणून त्यानेच सोडलेले मासे. सगळे पोट वर करून तरंगत होते.

"अगं बाई," तो गिरणीवालीला म्हणाला, "आधी विचारायचं तरी."

"विचारून तुम्ही हो म्हणणार होतात?"

"नाही."

"मग?"

बाबाने चाळण मागवली आणि संध्याकाळपर्यंत मासे गाळून काढले. सुनेने बांबू ओढून बाहेर काढले. एकेक बांबू मणाचा, वरून रॉकेलने निसरडा. तिच्या तळहातांना आग सुटली ती धुऊन जाईना. नवरा ओट्यावर बसून बघत होता. "मी येऊ का?" असं त्याने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला आला तेव्हा तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आत गेला.

चौथ्या दिवशी भाजीचा व्यापारी आला. टोमॅटो भरायच्या साठ पाट्या त्याने सांगून ठेवल्या होत्या. सुनेने आणि बाबाने मिळून, मुलाच्या हाताशिवाय, त्यातल्या अठ्ठेचाळीस पुऱ्या केल्या होत्या आणि त्या रॉकेलने माखलेल्या बांबूंशेजारीच रचून ठेवल्या होत्या. व्यापाऱ्याने एक पाटी उचलली, फिरवली, आणि मग नाकाशी नेली.

"बाबा, यात टोमॅटो भरले तर लोक खायच्या ऐवजी काडी लावतील."

बरोबरचा ड्रायव्हर खो खो हसला. व्यापारी तसा वाईट माणूस नव्हता. त्याने आणखी पाच-सहा पाट्या हुंगून पाहिल्या, म्हणजे त्यातल्या त्यात निभतील का ते. बाबा कमरेत वाकून उभा होता, शाळेत गणित तपासायला दिलेल्या मुलासारखा. एकही पाटी निभली नाही. गाडी वळवताना धूळ उडाली ती अठ्ठेचाळीस पाट्यांवर बसली, आणि सुनेने त्या झटकायचेही कष्ट घेतले नाहीत.

त्याच आठवड्यात तापवाला आला. म्हणजे सरकारी माणूस, पण तापाशिवाय कधी उगवायचा नाही म्हणून तापवाला. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी, पांढऱ्या रंगाची लांब दांड्याची पळी. गिरणीवाली त्याला थेट हौदापाशी घेऊन गेली. तिला शाबासकी हवी होती.

तापवाल्याने हौद पाहिला, काठावर वाळत घातल्यासारखे पडलेले मेलेले मासे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "हे कोणी केलं?"

"मी," गिरणीवाली म्हणाली. पण आवाज जरा उतरला होता.

"ताई, यात मासे होते. मासे असलेल्या पाण्यात अळी टिकत नाही. आणि हा डास असल्या पाण्यात अंडी घालतच नाही. फार नखरेल असतो तो. त्याला लागतं थोडंसं, स्वच्छ, सावलीतलं पाणी. वाटीभर असलं तरी पुरे." मग त्याने तिथेच जमलेल्या बायांना सांगितलं की अंड्याची अळी आणि अळीचा डास व्हायला आठ दिवस लागतात. आठवड्यातून एकदा सगळं पाणी उपडं करून भांडी घासली तर डास जन्मालाच येणार नाही.

"आणि तो चावतो कधी?" कोणीतरी विचारलं.

"दिवसा. तुमच्यासारखाच कामाचा माणूस आहे. रात्री झोपतो."

बाया हसल्या. मग तो घराघरांत शिरला. पहिलं घर गिरणीवालीचंच लागलं. तिच्या मोरीतल्या पिंपात त्याने पळी बुडवून वर काढली आणि बॅटरी मारली. पळीत चार अळ्या वळवळत होत्या. गिरणीवालीने त्या पाहिल्या आणि मग जमिनीकडे पाहिलं. बाकीच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती आणि फास आवळणारी मधोमध उभी होती.

जाताना तापवाला ओट्यावर चहा प्यायला टेकला. सुनेला म्हणाला, "ताई, एक कोडं आहे. भांड्यांतून मिळाल्या त्या अळ्या फार थोड्या. डास मात्र भरपूर आहेत. कुठेतरी अजून पाणी आहे. मला दिसलं नाही. तुम्ही इथल्या आहात, तुम्ही शोधा."

"शोधते," ती म्हणाली. तेव्हा तिला खरंच काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाली आली. डोक्यावर पिठाचा डबा, हातात खराटा, मागे तीन बाया. डबा ओट्यावर ठेवून म्हणाली, "बाबा, माझं चुकलं. यंदाचं तुमचं सगळं दळण माझ्याकडे. नाही म्हणू नका."

"माणसाचं चुकतं," बाबा म्हणाला.

"आणि सूनबाई, तुझंही मी ऐकलं नाही. तू ओरडत होतीस, मी ऐकलं नाही."

मग चौघी कमरेला खोचून हौदात उतरल्या आणि दिवसभर त्यांनी तो राखेने आणि साबणाने घासला. सुनेने त्यांना दोनदा चहा दिला. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं. सात वर्षं या गल्लीत ती वास येणाऱ्या घरातली सून होती. आज गल्ली तिच्या दारात गुडघे टेकून घासत होती. संध्याकाळी नवऱ्याला बटणं काढून देताना ती गुणगुणत होती, आणि त्यानेही त्या दिवशी छताकडे पाहिलं नाही.

चार दिवसांनी गिरणीवालीची मुलगी तापाने फणफणली. आठ वर्षांची, दोन दात पडलेली, गल्लीभर सगळ्यांची नक्कल करत फिरणारी पोर. तिसऱ्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त आलं आणि तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं. रात्री आई तिच्यापाशी, दिवसा बाप. दिवसा आई गिरणीवर, कारण लोकांची दळणं तुंबली होती आणि पोरगी आजारी आहे म्हणून कोणाची चूल थांबत नाही. पिंप तिने फोडून टाकलं होतं. घरात पाण्याचा एक तांब्या उघडा ठेवत नव्हती. तरी हे झालं होतं.

"काय चुकलं माझं आता?" ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. लोक म्हणायचे, काही नाही.

अशाच एका सकाळी सून रिकामा डबा परत द्यायला गिरणीकडे निघाली. गिरणीच्या कुंपणाच्या एका खांबावर चिमणी बसली होती. चिमणीने मान खाली घातली, ती खांबाच्या आतच घातली, आणि वर काढून चोच उडवली. थेंब उडाले. परत मान आत, परत थेंब. सून जागीच थांबली.

ती खांबापाशी गेली. खांब तिच्या डोक्याइतका उंच होता. टाचा उंचावून तिने वरून बोट आत घातलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत पाण्यात गेलं. तिने डब्याचं झाकण खांबाच्या कडेला धरलं आणि खांब हलवून थोडं पाणी त्यात सांडवलं. झाकणात सात-आठ अळ्या वळवळत होत्या.

हे खांब तिच्या घरचे होते. पावसाआधी रानडुकरांनी गल्लीमागचे भाजीचे वाफे उकरून टाकले, तेव्हा सगळ्या एकवीस घरांनी बाबाकडून कुंपणं करून घेतली होती. बांबू कापायची या घराची एक रीत होती. वरच्या गाठीवर चार बोटं जागा सोडून कापायचा. खांब जमिनीत ठोकताना मोगरीचा मार त्या चार बोटांवर बसतो. ती फुटतात, चिरतात, पण चीर गाठीपाशी थांबते आणि खालचा बांबू शाबूत राहतो. ठोकून झालं की ती चार बोटं आरीने गाठीबरोबर कापून टाकायची. गाठीचं बूच वर आलं की खांबात पाणी शिरत नाही. ठोकायचं काम बापलेकाचं. टोकं कापायचं काम घरातल्या बाईचं. सासू होती तोवर सासू करायची, आता सून.

यंदा तिने नऊ घरांची टोकं कापली. दहाव्या घराशी आरीचे दात गेले. आरी धार लावायला दिली, ती परत येईपर्यंत व्यापाऱ्याचा साठ पाट्यांचा निरोप आला आणि वर पाऊस लागला. उद्या करू, परवा करू, असं चाललं. एका संध्याकाळी बाबाने जेवता जेवता विचारलं, "टोकं झाली का सगळी?" दिवसभर कामट्या सोलून तिची पाठ भरून आली होती. बाकी आहेत म्हटलं असतं तर का, कधी, केव्हा हे सगळं आलं असतं. ती म्हणाली, "हो, झाली."

बस, एवढंच. दोन शब्द. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, आणि नवरा त्यानंतर दोन दिवसांनी आजारीच पडला. मग पाट्या, मग ताप, मग रॉकेल. चिमणीने करून देईपर्यंत त्या टोकांची आठवण तिला झाली नव्हती. सगळी गल्ली तांबे-पेले उपडे करत फिरत होती, काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि कळसे तिने स्वतः रांगेत उभे करून ठेवले होते.

ती कुंपणाकुंपणाने चालत गेली. पहिल्या नऊ घरांचे खांब सपाट, कोरडे. दहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत वाट्याच वाट्या. मार बसून कडा चिरलेल्या, पण आत पाणी धरून असलेल्या. दहावं घर म्हणजे तिचं शेजारचं. तिचा नवरा रोज त्या कुंपणाला टेकून बसायचा. ती तिथेच चिखलात खाली बसली आणि रिकामा डबा तिने पोटाशी धरला.

माणूस आधी काय करतो? आधी झाकायला बघतो. तीही उठली, घरी गेली, आरी आणि स्टूल घेऊन विसाव्या घरापाशी आली. कुणाला न सांगता सगळी टोकं कापून टाकायची, संपलं. पहिला खांब. दुसरा. सोळाव्या खांबापर्यंत सूर्य डोक्यावर आला आणि तिचा खांदा भरून आला. त्या घरातली बाई दारात येऊन म्हणाली, "काय गं, आता काय काढलंस?"

"टोकं कापते. बरं दिसतं."

"आत्ता? पावसाचं?"

"हो."

"किती काळजी करतेस गं आमची," ती बाई म्हणाली, आणि पाणी आणायला आत गेली.

सून स्टुलावर उभी राहून हिशेब करत होती. बारा घरं. घरटी तीस-पस्तीस खांब. एकटीने पंधरा दिवस लागतील. अळीचा डास आठ दिवसांत होतो. आणि सांगितलं तर? सांगितलं तर घरटी एका माणसाने मुठीमुठीने माती त्या वाट्यांत टाकली की आज दिवस मावळायच्या आत सगळं बुजेल. पंधरा दिवस आणि एक दुपार, यांच्यामध्ये फक्त तिचं तोंड होतं.

पाणी घेऊन बाई बाहेर आली तेव्हा स्टूल रिकामं होतं.

बाबा ओट्यावर बसून बांबू चिरत होता. दिसत नसलं तरी कोयता त्याच्या हातात सरळ चालायचा. सून समोर उभी राहिली.

"मामंजी, टोकं राहिलीत."

"कसली टोकं?"

"कुंपणाची. बारा घरांची. मी कापलीच नाहीत. त्यात पाणी साठलंय. डास तिथले आहेत."

कोयता अर्ध्या बांबूत थांबला. आत खाटेवर नवरा उठून बसल्याचा आवाज आला.

"मी विचारलं होतं तुला," बाबा म्हणाला.

"हो."

"तू झाली म्हणालीस."

"हो."

त्याने शिव्या द्याव्यात असं तिला वाटत होतं. तिने त्यासाठी मान खाली घालून ठेवली होती. बाबाने कोयता बांबूतून हलवून हलवून काढला, बाजूला ठेवला आणि म्हणाला, "माझ्या वहाणा कुठे आहेत?"

"मामंजी, मी जाते. मी सांगते."

"वहाणा दे."

गिरणीवर तेव्हा सात-आठ बाया दळणाला बसल्या होत्या. गिरणी चालू होती, पीठ उडत होतं. पुढे बाबा, मागे सून, असे दोघं आले. बाबा दारात उभा राहून काहीतरी बोलला ते कोणाला ऐकू गेलं नाही. गिरणीवालीने त्याला पाहिलं, पट्टा सोडवला आणि गिरणी घरघरत बंद पडली. रात्रभर दवाखान्यात बसून तिचे डोळे सुजले होते, भुवयांवर पीठ होतं.

"काय झालं बाबा?"

"डासांचं पाणी सापडलं," बाबा म्हणाला. "आमच्या कुंपणाच्या खांबांत आहे. वरची टोकं कापायची राहिली, त्यात पाऊस साठला. चूक माझी. माझ्या कामात राहिलं. डोळ्यांना दिसत नाही मला, मी पाहिलं नाही."

बायांनी दळणाचे डबे खाली ठेवले. मग एक हळूच म्हणाली, "वयच झालं बाबांचं." दुसरी म्हणाली, "मुद्दाम थोडंच केलं त्यांनी." आणि तिसरी, विसाव्या घरातली, जी पाणी घेऊन मागोमाग आली होती, ती म्हणाली, "बाबा, राग मानू नका, पण आता काम सुनेकडे द्या. ती सकाळपासून बिचारी एकटी टोकं कापत फिरतेय. तुमचं झाकायला. बोलली नाही हो एका शब्दाने."

पाच-सहा माना हलल्या. म्हाताऱ्यानेही मान हलवली. "देतो," तो म्हणाला. पन्नास वर्षं ज्याच्या हाताखालून या गल्लीची प्रत्येक टोपली गेली, तो माणूस आंधळा कामचुकार ठरून उभा होता आणि जायला वळत होता. त्याचा हात दाराची चौकट शोधत होता.

"खोटं आहे," सून म्हणाली.

तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. गिरणी बंद होती ना.

"मामंजी खोटं बोलतायत. टोकं कापायचं काम माझं होतं. त्यांनी मला विचारलं, झाली का. मी हो म्हणाले. कापली नव्हती. कंटाळा केला आणि हो म्हणाले."

"गप्प बस," बाबा म्हणाला.

"नाही. आणि आज सकाळी मी त्यांचं झाकत नव्हते. माझं झाकत होते."

एका बाईच्या मांडीवरचं सूप कलंडलं आणि धान्य सांडलं, तेही तिने भरलं नाही. गिरणीवाली जागेवरून उठली आणि सुनेच्या समोर येऊन थांबली.

"कधी कळलं तुला?"

"सकाळी. तुमचा डबा आणत होते तेव्हा."

"सकाळी." गिरणीवालीने दाराबाहेर पाहिलं. उन्हं कलायला लागली होती. "सकाळी मी इथेच होते. पंधरा पावलांवर."

"हो."

"माझी पोरगी तिथे नळ्या लावून पडलीय, आणि तू दुपारपर्यंत खांब कापत बसलीस."

"हो, अक्का."

"माझं पीठ खाल्लंस."

सुनेने नुसती मान हलवली. हात उचलला तर बरं, असं तिला वाटत होतं, पण गिरणीवालीने हात उचलला नाही. ती बायांकडे वळली. "बसलात काय? घरोघरी जा. मूठमूठ माती घालायला सांगा प्रत्येक खांबात. आत्ता. ज्यांचे हात पोचत नाहीत त्यांना स्टूल द्या."

बाया उठल्या. चपलांची झटापट झाली आणि गिरणी रिकामी झाली. विसाव्या घरातली बाई जाताना बाबाच्या कोपराला धरून म्हणाली, "चला, पोचवते," आणि बाबा गेला. दारातून जाताना त्याने सुनेच्या खांद्याला हात लावला. दिसत नसल्यामुळे लागला की लावला, ते तिला कळलं नाही.

दोघीच उरल्या.

"पोर घरी येईपर्यंत माझ्याशी बोलू नकोस," गिरणीवाली म्हणाली. "आली तर बघू."

सून बाहेर आली. आरी तिच्याजवळच होती. गिरणीच्या कुंपणाचा पहिला खांब तिने धरला, गाठीपाशी आरी लावली आणि ओढली. पावसाने जमीन भिजून खांब सैल झाला होता. तो पुढेमागे डोलायला लागला, पातं खाचेतून निसटलं आणि तिच्या अंगठ्यावर ओरखडा उठला. तिने परत लावली. परत निसटली. एका हाताने खांब आवळून धरावा तर आरीला जोर मिळेना. खांदा तर केव्हाच गेला होता. तिला रडू आलं ते मुलीसाठी आलं, नवऱ्याच्या बोटांसाठी आलं, आणि थोडं आपल्या खांद्यासाठीही आलं. रडत रडत ती आरी लावत राहिली.

मागून पावलं वाजली. गिरणीवाली आली, खांबाच्या पलीकडे उभी राहिली आणि पिठाने माखलेल्या दोन्ही हातांनी तिने खांब गच्च धरला. सुनेकडे पाहिलं नाही. दवाखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहत होती.

"काप," ती म्हणाली.

सुनेने आरी लावली. पातं गाठीवर बसलं, खाच पडली, आणि आतलं पाणी फुटून गिरणीवालीच्या मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळलं. तिने हात सोडले नाहीत.